परदेशात इतिहास शिकायचा असेल तर आधी कागद कोठे आहेत ते पाहावे

भारतातून ब्रिटनमध्ये इतिहासात एम. ए. करायला गेलेला विद्यार्थी सप्टेंबरच्या अखेरीस तिथे पोहोचतो आणि पुढच्या सप्टेंबरात त्याचा अभ्यासक्रम संपलेला असतो. या बारा महिन्यांत त्याला एकूण १८० श्रेयांक (क्रेडिट) मिळवायचे असतात. त्यांपैकी बहुधा १२० श्रेयांक वर्गात शिकवल्या जाणाऱ्या विषयांचे आणि उरलेले ६० श्रेयांक दहा ते पंधरा हजार शब्दांच्या लघुप्रबंधाचे असतात. आठवड्यातले प्रत्यक्ष वर्गाचे तास सहा-आठच्या पुढे क्वचितच जातात. घरच्या माणसांना हा हिशेब चमत्कारिक वाटतो, कारण एवढे शुल्क भरून आठवड्याला जेमतेम सहा तास शिकवणी मिळणार असेल तर मग तेच शिक्षण पुण्यात किंवा मुंबईत का घेऊ नये, असा प्रश्न कोणाच्याही मनात येईल. हा प्रश्न रास्त आहे, आणि त्याचे उत्तर नीट समजल्याशिवाय इतका मोठा निर्णय घेऊ नये.

इतिहासाच्या विद्यार्थ्याचा खरा दिवस वर्गाबाहेर, ग्रंथालयात आणि दप्तरखान्यात जातो. वर्ग म्हणजे त्याने स्वतः वाचलेले इतरांसमोर तपासून घेण्याची दोन तासांची बैठक असते. त्यामुळे विद्यापीठ निवडताना जागतिक क्रमवारीतला आकडा पाहण्याआधी दोन प्रश्न विचारायला हवेत: आपल्याला ज्या विषयाचा अभ्यास करायचा आहे त्याची अस्सल साधने कोठे आहेत, आणि ती ज्या भाषेत व लिपीत आहेत ती आपल्याला वाचता येते का. संगणकशास्त्राच्या विद्यार्थ्याला क्रमवारीवर विसंबून चालत असेल. इतिहासाच्या विद्यार्थ्याला चालत नाही. या लेखात मुख्य उदाहरण ब्रिटनचे घेतले आहे, कारण ईस्ट इंडिया कंपनीपासून १९४७पर्यंतच्या कारभाराचा मोठा कागदी पसारा लंडनमध्ये आहे आणि मराठी विद्यार्थ्याचा त्याच्याशी थेट संबंध पोहोचतो.

पदव्यांची नावे आणि त्यांचे अर्थ

सर्वांत आधी पदव्यांच्या नावांचा घोळ दूर करायला हवा. इंग्लंडमध्ये इतिहासाची बी. ए. तीन वर्षांची असते. स्कॉटलंडमध्ये पहिली पदवी चार वर्षांची असून एडिंबरा, ग्लासगो, सेंट अँड्र्यूज अशा जुन्या विद्यापीठांत तिलाच एम. ए. म्हणतात, त्यामुळे तिथला 'एम. ए.' हा शब्द पाहून पदव्युत्तर अभ्यासक्रम समजून अर्ज करणे चुकीचे ठरते. केंब्रिजमध्ये एम. फिल. ही साधारण एका वर्षाची पदव्युत्तर पदवी आहे, ऑक्सफर्डमध्ये त्याच नावाची पदवी दोन वर्षांची आहे, आणि भारतात विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२च्या नियमांनी एम. फिल. बंदच केली. बी. ए.साठी यूकॅस या एकाच केंद्रीय व्यवस्थेतून जास्तीत जास्त पाच अभ्यासक्रमांना अर्ज करता येतो. ऑक्सफर्ड आणि केंब्रिज यांपैकी एकालाच अर्ज करण्याची मुभा असते आणि त्याची मुदत १५ ऑक्टोबरला संपते. एम. ए.चे अर्ज मात्र प्रत्येक विद्यापीठाकडे वेगवेगळे जातात. भारतातली तीन वर्षांची पदवी तिथल्या एम. ए.साठी साधारणपणे चालते. ती इतिहासातलीच असली पाहिजे असेही सर्वत्र नसते. राज्यशास्त्र, मराठी किंवा इंग्रजी साहित्य, समाजशास्त्र या विषयांच्या पदवीधरांनाही अनेक विभाग घेतात, मात्र लिखाणाचा नमुना मागतात आणि तो बारकाईने वाचतात.

गुणांची पद्धत पहिल्या सत्रात अनेकांना धक्का देते. ७० आणि त्यापुढचे गुण म्हणजे सर्वोच्च श्रेणी, ६०च्या पुढे चांगली श्रेणी, आणि एम. ए.ला ५० गुणांना उत्तीर्ण. ८० गुण मिळालेला निबंध क्वचितच दिसतो. पहिल्या निबंधाला ६२ गुण मिळाले म्हणून खचून गेलेल्या विद्यार्थ्याने हे लक्षात घ्यावे की त्याचे काम ठीक चालले आहे.

वर्गात नेमके काय होते

हे एका उदाहरणाने सांगणे सोयीचे होईल. समजा, वसाहतकालीन आरोग्याच्या विषयात असा निबंध लिहायला दिला आहे: 'पुण्यातील १८९७ची प्लेगप्रतिबंधक मोहीम ही आरोग्यसेवा होती की पोलिसी कारवाई?' महाराष्ट्रात शाळेत शिकलेल्या कोणालाही घटनाक्रम ठाऊक असतो. १८९६मध्ये मुंबईच्या मांडवी भागात प्लेग आढळला, १८९७च्या सुरुवातीला साथरोग कायदा आला, पुण्यात रँड यांच्या नेतृत्वाखाली प्लेग समिती नेमली गेली, गोऱ्या सैनिकांकडून घरे तपासली गेली, आणि २२ जून १८९७च्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर चापेकर बंधूंनी रँड यांच्यावर गोळ्या झाडल्या. परीक्षेत हे सारे क्रमाने लिहून भागत असे. सेमिनारमध्ये मात्र घटनाक्रम सर्वांनी वाचलेलाच आहे असे गृहीत धरतात आणि चर्चा त्यापुढे सुरू होते.

चर्चेचा पहिला प्रश्न साधनांचा असतो. प्लेग समितीचे अहवाल आणि सरकारी पत्रव्यवहार लंडनमध्ये उपलब्ध आहे, पण तो कारवाई करणाऱ्यांनी स्वतःच लिहिलेला आहे. दुसरी बाजू 'केसरी'सारख्या वृत्तपत्रांत सापडते. इथे एक अडचण आहे, आणि ती इंग्रजीपुरते वाचणाऱ्या संशोधकाच्या सहसा ध्यानात येत नाही. मुंबई सरकारचे भाषांतर खाते दर आठवड्याला देशी वृत्तपत्रांतील मजकुराचे इंग्रजी सारांश काढून ते गोपनीय अहवाल म्हणून वरिष्ठांकडे पाठवत असे. लंडनमधल्या दप्तरात हे अहवाल आहेत आणि अनेक अभ्यासक 'केसरी'चे मत म्हणून त्यांतलीच वाक्ये उद्धृत करतात. म्हणजे वाचकाला मिळतो तो टिळकांचा अग्रलेख नसतो. सरकारला त्यातले जे धोकादायक वाटले त्याचा सरकारी भाषांतरकाराने केलेला गोषवारा असतो. अग्रलेखातला उपरोध, शास्त्रार्थाचा सूर, किंवा त्याच अंकात लोकांना स्वच्छतेबद्दल केलेला उपदेश या गोषवाऱ्यात उतरेलच असे नाही. ज्याला मूळ मराठी अंक वाचता येतो त्या विद्यार्थ्याने दोन्ही समोरासमोर ठेवून सारांशात काय गळले हे दाखवले, तर तो निबंध वर्गातल्या इतर निबंधांहून वेगळा उठून दिसतो.

दुसरा प्रश्न पुराव्याच्या वजनाचा असतो, आणि त्यासाठी याच प्रकरणात एक विलक्षण प्रसंग आहे. गोपाळ कृष्ण गोखले १८९७मध्ये भारताच्या सरकारी खर्चाची चौकशी करणाऱ्या वेल्बी आयोगापुढे साक्ष देण्यासाठी इंग्लंडला गेले होते. पुण्याहून आलेल्या पत्रांच्या आधारे त्यांनी तिथल्या वृत्तपत्राला दिलेल्या मुलाखतीत सैनिकांनी स्त्रियांशी केलेल्या गैरवर्तनाचे गंभीर आरोप केले. परतल्यावर सरकारने पुरावा मागितला. पत्रे लिहिणारे नावानिशी पुढे यायला तयार नव्हते, आणि गोखल्यांना जाहीर माफी मागावी लागली. आता इतिहासाच्या विद्यार्थ्यासमोरचा प्रश्न असा: या माफीवरून गैरवर्तन झालेच नाही असे म्हणता येईल का? न्यायालयीन अर्थाने आरोप सिद्ध झाला नाही, हे खरे. पण १८९७च्या पुण्यात कोणत्या घरातली स्त्री किंवा तिचा पुरुष नातेवाईक सरकारी चौकशीत उभा राहून असे सांगायला धजला असता? पंडिता रमाबाईंनीही त्याच वर्षी पुण्यातील प्लेग रुग्णालयातल्या वागणुकीविरुद्ध वृत्तपत्रातून उघड तक्रार केली होती. दप्तरात कागद नाही म्हणून घटना घडली नाही, असे म्हणणे जितके उथळ आहे, तितकेच सर्व ऐकीव गोष्टी खऱ्या मानणेही उथळ आहे. या दोहोंमधून वाट काढून, किती खात्रीने काय म्हणता येते हे मोजूनमापून लिहिणे, हेच या शिक्षणाचे मुख्य अंग आहे आणि त्याचेच गुण मिळतात.

तिसरा प्रश्न, आधीच्या इतिहासकारांनी काय म्हटले आहे आणि आपण त्यांच्यापैकी कोणाशी, कोठे, का असहमत आहोत, हा. आपल्याकडच्या विद्यार्थ्याला हा भाग सर्वांत जड जातो. छापील पुस्तकाच्या लेखकाशी वाद घालायचा, तोही नाव घेऊन, याची सवय आपल्या परीक्षापद्धतीने लावलेली नसते. तिकडे प्राध्यापकांना पहिल्या नावाने हाक मारण्याची रीत आहे. तिचा संकोच दोन आठवड्यांत जातो, पण त्यांच्या पुस्तकातले एखादे विधान त्यांच्यासमोर खोडून काढण्याचा संकोच जायला सत्र संपावे लागते. याच्याच जोडीला उसनवारीचा नियम येतो. दुसऱ्याचे वाक्य शब्द बदलून लिहिले आणि तळटीप दिली नाही, तर तेही वाङ्मयचौर्यच धरले जाते, हेतू काहीही असो. टाचणे काढतानाच स्वतःचे शब्द आणि दुसऱ्याचे शब्द वेगळे ठेवण्याची शिस्त पहिल्या दिवसापासून लावून घेतली, तर पुढचा मनस्ताप टळतो.

लंडनमधला दप्तरखाना

सेंट पँक्रस इथल्या ब्रिटिश लायब्ररीत इंडिया ऑफिस रेकॉर्ड्स नावाचा संग्रह आहे. कंपनीच्या १६००च्या स्थापनेपासून १८५८पर्यंतचे तिचे कागद, १७८४मध्ये तिच्यावर देखरेखीसाठी नेमलेल्या नियंत्रण मंडळाचे कागद, आणि १८५८ ते १९४७ या काळातल्या इंडिया ऑफिसचे कागद असा हा पसारा असून तो सुमारे १४ किलोमीटर लांबीच्या फळ्यांवर मावतो. सुरत आणि मुंबईच्या वखारींतला पत्रव्यवहार, मुंबई सरकारच्या कामकाजाची बाडे, अधिकाऱ्यांची खासगी पत्रे, वर उल्लेखिलेले देशी वृत्तपत्रांचे अहवाल, हे सारे इथेच. वाचकपत्र मोफत मिळते. ओळखीचा आणि पत्त्याचा पुरावा लागतो. वाचनकक्षात शाई चालत नाही, पेन्सिल आणि लॅपटॉप चालतात. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लंडनमधल्या विद्यार्थिदशेत ज्या इंडिया ऑफिस ग्रंथालयात बसून वाचन केले, त्याचाच वारसा आज या वाचनकक्षाकडे आलेला आहे.

लंडनच्याच क्यू भागात ब्रिटनचे राष्ट्रीय अभिलेखागार आहे आणि नवा विद्यार्थी अनेकदा भारताचे कागद शोधत आधी तिकडे जातो. भारताचा कारभार वसाहत खात्याकडे नव्हता. त्यासाठी इंडिया ऑफिस हे स्वतंत्र खाते होते, म्हणून भारताविषयीचे मुख्य दप्तर क्यूमध्ये नाही. श्रीलंका, केनिया, मॉरिशस अशा ठिकाणांचा अभ्यास करणाऱ्याला मात्र क्यूशिवाय गत्यंतर नाही. मॉरिशसमधल्या मराठी मजुरांच्या इतिहासावर काम करणाऱ्याला, उदाहरणार्थ, दोन्हीकडे फेऱ्या माराव्या लागतील.

दप्तर म्हणजे घडलेले सर्व काही, असा समज इथे येऊन लवकर मोडतो. २०११मध्ये केनियातील ब्रिटिश सत्तेविरुद्धच्या माऊ माऊ लढ्यातल्या वृद्ध पीडितांच्या खटल्यामुळे ब्रिटिश सरकारला मान्य करावे लागले की, ३७ वसाहतींतून माघार घेताना परत नेलेल्या फायली हॅन्सलोप पार्क या ठिकाणी दशकानुदशके लोकांपासून दूर ठेवलेल्या होत्या. कितीतरी कागद त्या-त्या देशातून निघतानाच जाळण्यात आले होते. असे प्रकरण एकदा अभ्यासले की विद्यार्थी कोणतीही फाईल उघडताना तीत काय नाही याचाही विचार करू लागतो.

दप्तराचे वेळापत्रक विद्यार्थ्याच्या हातात नसते, हेही आधीच मनाशी धरावे. ऑक्टोबर २०२३मध्ये ब्रिटिश लायब्ररीवर सायबर हल्ला झाला आणि तिची ऑनलाइन सूची काही महिने बंद राहिली. एका वर्षाचा अभ्यासक्रम करणाऱ्यांना विषय बदलण्याइतका हा फटका मोठा होता. जे कागद घरबसल्या मिळतात ते जाण्यापूर्वीच पाहून ठेवणे शहाणपणाचे आहे. भारताच्या राष्ट्रीय अभिलेखागाराचे 'अभिलेख पटल' हे संकेतस्थळ त्यासाठी उपयोगी पडते. पर्शियन आखातातल्या ब्रिटिश कारभाराचे, म्हणजे बराच काळ मुंबई सरकारच्या देखरेखीखाली चाललेल्या कारभाराचे, इंडिया ऑफिसमधले कागद 'कतार डिजिटल लायब्ररी'वर मोफत वाचता येतात. अशा विषयासाठी लंडनला जावेच लागते का, याचा विचार करायला हरकत नाही.

विषय कोठे नेतो

मराठेशाहीचा अंतर्गत कारभार, वतने, गावगाडा, न्यायनिवाडे यांवर काम करायचे असेल तर त्याचे कागद लंडनला नाहीत. ते पुण्यातल्या पेशवे दप्तरात, भारत इतिहास संशोधक मंडळात, घराण्यांच्या खासगी संग्रहांत आहेत आणि बहुतांश मोडी लिपीत आहेत. असा विद्यार्थी परदेशात गेला तरी कागदांसाठी त्याला पुण्यालाच परत यावे लागणार. मग त्याने तिकडे जायचे ते एखाद्या विशिष्ट प्राध्यापकासाठी किंवा विशिष्ट पद्धतीच्या प्रशिक्षणासाठी, हे त्याला स्पष्ट माहीत हवे. महाराष्ट्राच्या पुराभिलेख संचालनालयाकडून मोडीचे वर्ग घेतले जातात. व्हिसाची कागदपत्रे जमवण्याच्या सहा महिने आधी असा वर्ग करून मोडी हाताखालून जाऊ द्यावी, कारण परदेशात मोडी शिकवणारा भेटेलच याचा भरवसा धरता येत नाही. मराठी विद्यार्थ्याजवळ असलेले हे भांडवल इतर बहुतेकांजवळ नसते, आणि खेदाची गोष्ट ही की आपल्याकडचे अनेकजण इंग्रजीच्या परीक्षेत साडेसात गुण मिळवण्यासाठी जेवढी मेहनत घेतात तिच्या पावपट मेहनतही मोडीवर घेत नाहीत.

कोकणाच्या सतराव्या शतकाकडे वळले तर दिशाच बदलते. वेंगुर्ल्याला डच कंपनीची वखार होती, तिचे भग्न अवशेष आजही उभे आहेत, आणि तिथल्या डचांनी शिवाजी महाराजांच्या हालचालींविषयी वरिष्ठांना कळवलेला मजकूर डच दप्तरांत सापडतो. ही दप्तरे हेगच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. नेदरलँड्समधल्या लायडन विद्यापीठाने आशियातल्या तरुण संशोधकांना सतराव्या-अठराव्या शतकातली डच हस्तलिखिते वाचायला शिकवण्याचे खास कार्यक्रम चालवले, आणि त्यांतून तयार झालेल्यांनी आपापल्या देशांच्या इतिहासाला नवी साधने मिळवून दिली. गोव्याच्या इतिहासाला पोर्तुगीज येणे अपरिहार्य आहे. पणजीचे अभिलेखागार १५९५मध्ये सुरू झालेल्या दप्तराचे वारस आहे, तर मोसमी वाऱ्यांबरोबर दरवर्षी ये-जा करणाऱ्या जहाजांतून झालेल्या पत्रव्यवहाराचे काही खंड पणजीत आणि काही लिस्बनमध्ये असे विभागले गेले आहेत. अशा विषयासाठी लंडनचे नामांकित विद्यापीठ निवडणे म्हणजे गोव्याच्या गाडीसाठी नागपूरच्या फलाटावर थांबण्यासारखे आहे.

दुसरी बाजूही सांगायला हवी. परदेशी विभागांत भारतीय विद्यार्थी आला की त्याने भारतावरच काम करावे अशी न बोललेली अपेक्षा असते, आणि विद्यार्थीही ती निमूटपणे मान्य करतो. इंग्लंडमधल्या मध्ययुगीन गावांचा, फ्रेंच राज्यक्रांतीचा किंवा जपानच्या मेइजी काळाचा अभ्यास मराठी विद्यार्थ्याने का करू नये? जर्मन किंवा ब्रिटिश विद्यार्थी मराठेशाहीवर प्रबंध लिहितात तेव्हा त्यांना कोणी असा प्रश्न विचारत नाही. अडचण खरी असते ती भाषेची: मध्ययुगीन इंग्लंडसाठी लॅटिन, मेइजी जपानसाठी जपानी आधीपासून शिकावी लागते, आणि एका वर्षाच्या एम. ए.त ती शून्यापासून शिकून कागद वाचण्याइतकी पक्की होत नाही.

पैसा, शिष्यवृत्ती आणि व्हिसा

ब्रिटिश विद्यार्थ्यांच्या पदवी शुल्काला सरकारी मर्यादा आहे, ती २०२५-२६ या वर्षासाठी ९,५३५ पाऊंड होती. परदेशी विद्यार्थ्यांना अशी कोणतीही मर्यादा लागू नाही, आणि इतिहासाच्या एम. ए.चे शुल्क नावाजलेल्या विद्यापीठांत २० हजार पाऊंडांच्या बरेच पुढे जाते. लंडनमधले राहणे-खाणे धरले तर वर्षाचा खर्च ४० लाख रुपयांच्या घरात सहज पोहोचतो. यात आरोग्य अधिभाराची भर पडते, जो विद्यार्थ्यांसाठी फेब्रुवारी २०२४पासून वर्षाला ७७६ पाऊंड झाला. राहण्याच्या खर्चासाठी लागणारी रक्कम सलग २८ दिवस खात्यात असल्याचेही दाखवता यावे लागते. सत्र चालू असताना आठवड्याला २० तासांपर्यंत काम करण्याची परवानगी असते, पण त्या कमाईतून शुल्क निघेल ही आशा बाळगू नये. शिवाय इतिहासात ते २० तास वाचनाच्याच वेळेतून कापले जातात.

या पैशाची वसुली कशी होणार, याबाबत इतिहासाचे गणित अभियांत्रिकीपेक्षा उघडपणे कठोर आहे. शिक्षणानंतर काम करण्यासाठी मिळणारा पदवीधर व्हिसा एम. ए. झालेल्यांना आजवर दोन वर्षांचा मिळत आला. १ जानेवारी २०२७पासून केलेल्या अर्जांना तो १८ महिन्यांचाच मिळेल असे ब्रिटिश सरकारने ठरवले आहे. त्यानंतर कुशल कामगार म्हणून राहायचे तर जुलै २०२५पासून सर्वसाधारण पगारमर्यादा ४१,७०० पाऊंड आहे, नवख्यांना तीत काही सवलत असली तरी. संग्रहालये, अभिलेखागारे, प्रकाशनसंस्था इथल्या सुरुवातीच्या नोकऱ्यांचे पगार या मर्यादेच्या खाली असतात. अमेरिकेतही स्थिती वेगळ्या मार्गाने तशीच आहे: पदवीनंतर १२ महिने काम करता येते, पण विज्ञान-तंत्रज्ञानाच्या पदवीधरांना मिळणारी पुढची २४ महिन्यांची वाढ इतिहासाला लागू होत नाही. म्हणून तारण ठेवून मोठे कर्ज काढून, तिकडेच नोकरी लागेल या भरवशावर, इतिहासाची एम. ए. करू नये असे या लेखकाचे स्पष्ट मत आहे. शिष्यवृत्ती मिळाली किंवा कुटुंबाला तो खर्च परतफेडीच्या अपेक्षेविना झेपत असला, तर गोष्ट निराळी.

शिष्यवृत्त्या थोड्या आहेत पण आहेत. फेलिक्स शिष्यवृत्ती भारतीयांना ऑक्सफर्ड, रेडिंग आणि लंडनच्या सोआस या संस्थांसाठी मिळते. चिव्हनिंग या ब्रिटिश सरकारच्या शिष्यवृत्तीसाठी कामाचा अनुभव लागतो आणि शिक्षणानंतर दोन वर्षे मायदेशी परतण्याची अट असते. अटी ही काही नवी गोष्ट नाही: बडोदा संस्थानाच्या ज्या शिष्यवृत्तीवर बाबासाहेब १९१३मध्ये कोलंबिया विद्यापीठात गेले आणि तिथे १९१५मध्ये प्राचीन भारतीय व्यापारावर एम. ए.चा प्रबंध लिहिला, तिलाही दहा वर्षे संस्थानची नोकरी करण्याचा करार जोडलेला होता. महाराष्ट्र शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी आहे. केंद्राच्या राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्तीबाबत मात्र इतिहासाच्या विद्यार्थ्याने सावध राहावे. २०२२च्या नियमावलीत भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारतासंबंधी सामाजिक अभ्यास हे विषय तीतून वगळण्यात आले. ज्या समाजघटकांच्या इतिहासाची दखल दप्तरांनी सर्वांत कमी घेतली, त्यांतल्याच तरुणांना सरकारी पैशावर परदेशात जाऊन तो इतिहास लिहिता येऊ नये, हा निर्णय समजण्यापलीकडचा आहे. अर्ज करण्यापूर्वी त्या वर्षीचे नियम मुळातून वाचावेत.

जर्मनीत बहुतेक सरकारी विद्यापीठे शिकवणीशुल्क घेत नाहीत. दक्षिण आशियाच्या अभ्यासासाठी प्रसिद्ध असलेले हायडेलबर्ग बाडेन-व्युर्टेम्बर्ग या राज्यात येते, आणि त्या राज्यात युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांना २०१७पासून सत्राला १,५०० युरो भरावे लागतात. ब्रिटनच्या मानाने तेही फार नाही.

पीएच. डी.चा विचार असेल तर

ब्रिटनमध्ये पीएच. डी. तीन ते चार वर्षांची असते. तीत वर्ग जवळजवळ नसतात, पहिल्या दिवसापासून संशोधन सुरू होते, पहिल्या वर्षाच्या अखेरीस प्रगतीची परीक्षा होते आणि ८० हजार ते एक लाख शब्दांचा प्रबंध दोन परीक्षकांसमोर तोंडी परीक्षेत मांडावा लागतो. अमेरिकेत तीच पदवी पाच ते सात वर्षे घेते. पहिली दोन वर्षे वर्ग, मग विषयाच्या व्यापक परीक्षा, मग प्रबंध, अशी तिथली रचना असते आणि मोठे विभाग शुल्कमाफीसह निर्वाहभत्ता देतात, ज्याच्या बदल्यात पदवीच्या विद्यार्थ्यांना शिकवावे लागते. भाषा अजून शिकायची आहे किंवा विषय पक्का झालेला नाही, अशांना अमेरिकेची लांब वाट सोयीची. कागद कोठे आहेत हे ज्याला ठाऊक आहे आणि ते वाचताही येतात, त्याला ब्रिटनची. तिथल्या कला व मानव्यविद्या संशोधन परिषदेच्या पाठ्यवृत्त्या २०२१पासून परदेशी विद्यार्थ्यांनाही खुल्या झाल्या, पण त्यांचा वाटा ३० टक्क्यांपर्यंतच मर्यादित आहे. त्यामुळे स्पर्धा तीव्र असते.

अर्जाआधी मार्गदर्शकाला पत्र लिहावे लागते आणि बहुतेक अर्ज इथेच अडतात. 'मराठा साम्राज्यातील स्त्रियांचे स्थान' असा विषय कळवला तर सौजन्याचे दोन ओळींचे उत्तर येते, किंवा तेही येत नाही. त्याऐवजी 'अठराव्या शतकाच्या उत्तरार्धातील पुण्यात बटकींची खरेदी-विक्री आणि सुटका: पेशवे दप्तरातील मोडी कागदांच्या आधारे' असे लिहून, त्यांपैकी कोणते रुमाल (दप्तरातल्या कागदांची बांधलेली गाठोडी) स्वतः पाहिले आहेत, मोडी कितपत वाचता येते, आणि त्याच प्राध्यापकांच्या कोणत्या मुद्द्याशी आपला विषय जोडला जातो हे पाच-सहा वाक्यांत सांगितले, तर पत्र पूर्ण वाचले जाते. सोबत हजार-दीड हजार शब्दांचा प्रस्ताव असावा. गेल्या काही वर्षांत ब्रिटनमधल्या बऱ्याच विद्यापीठांनी मानव्यशाखांतली पदे कमी केली आहेत, म्हणून संबंधित प्राध्यापक पुढची तीन वर्षे तिथेच असणार आहेत ना, हेही आडपडदा न ठेवता विचारावे; या प्रश्नाचा कोणी राग मानत नाही. पाठ्यवृत्तीसह प्रवेश हवा असेल तर अर्ज साधारण डिसेंबर-जानेवारीत जावे लागतात, म्हणजे पहिले पत्र सप्टेंबरात गेलेले बरे. तीन आठवड्यांत उत्तर आले नाही तर एकदा स्मरण द्यावे, आणि त्यानंतरही शांतता असेल तर दुसऱ्या प्राध्यापकांना लिहावे.